रेकॉर्ड पडद्यामागे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मोतीराम बोरस्ते हो म्हणाले. चार महिने त्यांच्या मागे होतो. वाचनालयाचा वरचा हॉल मिळाला. १६, २३ आणि ३० नोव्हेंबर, सकाळी दहा ते बारा. ‘रेकॉर्ड श्रवण सभा’ हे नावही त्यांच्यासमोरच ठरवून टाकलं, म्हणजे माघार घेता येऊ नये.

कार्यवाह माणूस, त्यामुळे अट घातल्याशिवाय हो म्हणाला नाही. "गायधनी साहेब, रविवारी सकाळी दहाला नाशिककर मिसळीच्या रांगेत उभा असतो. तो जिना चढून तुमच्या तबकड्या ऐकायला येईल असं मला वाटत नाही. तिन्ही रविवारी तीस-तीस माणसं आली तर हॉल कायमचा तुमचा. नाहीतर योगवर्गवाल्या बाई केव्हाच्या थांबल्यात."

"तीस कसले, पन्नास येतील," मी म्हणालो.

"जरा हळू बोला. खाली वाचक आहेत."

घरी येऊन अनसूयेला सांगितलं. तिने विचारलं, "आणि नाही आले तर?" नाही आले तर माझ्या दोनशे अकरा एलपी आणि मी, पुन्हा दिवाणखान्यात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. ओझरच्या विमान कारखान्याच्या बसमध्ये चौतीस वर्षं रोज चाळीस माणसं भेटायची. आता दिवसाकाठी दूधवाला आणि पेपरवाला. हे तिला बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज बावीस रेकॉर्ड धुतल्या. पद्धत माझी स्वतःची आहे. रिठ्याचं कोमट पाणी, जुन्या धोतराचं मऊ फडकं, खाचेच्या दिशेने हलक्या हाताने गोल फिरवायचं आणि मग ताटाळ्यात उभ्या करून वाळवायच्या. ताटाळ्यातली ताटं सध्या जेवणाच्या टेबलावर आहेत. अनसूया काहीतरी पुटपुटली.

सगळ्या बावीस वाजवून पाहिल्या. एकीलाही खरखर नाही. लोकांच्या रेकॉर्ड खरखरतात त्या आळसामुळे. तपासणी विभागात आयुष्य गेलं, माझ्या हातून दोष निसटत नाही.

मात्र उजवा स्पीकर क्षीण वाटतो. तानपुऱ्याची झणझण फक्त डावीकडून येते. सोळा तारखेच्या आत हे सोडवलं पाहिजे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस स्पीकरच्या मागे आहे आणि मजा येते आहे, हे कबूल केलं पाहिजे. कारखाना सुटल्यापासून असा दोष हाताला लागला नव्हता.

सुईचं वजन तपासलं, दोन ग्रॅम, बरोबर. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. खरं म्हणजे आता डावा क्षीण व्हायला हवा होता. झाला नाही, उजवाच क्षीण. मग स्पीकरच उचलून इकडचा तिकडे ठेवला. तरीही उजवाच. म्हणजे दोष ना वायरीत, ना स्पीकरमध्ये. दोष खोलीत आहे. उजवीकडच्या खिडकीचा जाड पडदा आवाज पितो. पडदा काढला. अनसूया म्हणाली, समोरच्या गच्चीवरून सगळं घर दिसतं.

गंमत अशी की खुर्ची उलटी फिरवून, स्पीकरकडे पाठ करून बसलो तर डावीकडची बाजू क्षीण वाटते. खोलीच्या आवाजाचं शास्त्र गहन आहे. यावर कुणी लिहिलेलं असेल तर मिळवलं पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

सूचनाफलक वाचून गौरांग नावाचा तरुण घरी आला. अठ्ठावीस-तीसचा असेल. लग्नं, व्याख्यानं यांचं ध्वनिसंयोजन करतो, गंगापूर रोडला छोटा स्टुडिओ आहे. दारात चपला काढताना म्हणाला, "काका, मी अॅपवरच ऐकणारा माणूस आहे. पण तुम्ही कोण आहात ते बघायचं होतं."

मी एक बासरीची एलपी लावली. तो जमिनीवर मांडी घालून बसला, रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी समोर. बाजू संपेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, "आवाज थोडा कमी केला तर चालेल का? आणि ती खरखर काय भारी आहे हो. मी एडिटिंगमध्ये मुद्दाम टाकतो तसली."

"कसली खरखर?"

त्याने अनसूयेकडे पाहिलं. अनसूयेने त्याला पोहे दिले.

या पिढीने रेकॉर्ड पाहिल्या त्या सिनेमात, तिथे खरखर हमखास असते. रेकॉर्ड दिसली की ह्यांच्या डोक्यात ती आपोआप वाजते. पण मुलगा चांगला आहे. हॉलला माझे घरगुती स्पीकर पुरणार नाहीत, स्वतःचे मोठे आणतो म्हणाला. भाडं विचारलं तर हसला. "मला पुढे बसू द्या, झालं."

१२ नोव्हेंबर, बुधवार

पावसाळा संपला तरी यंदा रातकिडे नाहीत. सिंहस्थासाठी सगळीकडे रस्ते उकरलेत, त्याचा परिणाम असणार. पुण्याहून मृण्मयीचा फोन आला होता. "बाबा, ओरडू नका, मी पुण्यात आहे, बहिरी नाही," म्हणाली. नेटवर्क वाईट आहे. दोन वाक्यांत एक ऐकू येतं.

आज जरा धीर सुटला. फोनवर जगातलं सगळं संगीत फुकट असताना माणूस जिना चढून माझ्याकडे का येईल? उत्तर एकच, आवाजातला फरक. रेकॉर्डचा आवाज भरीव असतो, गोल असतो. तो कानाने ओळखता येतो आणि मला तो ओळखता येतो. तोच पटवून द्यायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

छत्तीस. दोनदा मोजले. मोतीरामांनीही मोजले, त्यांचे पस्तीस भरले, कारण ते स्वतःला धरत नव्हते.

दहाला पाच मिनिटं असताना सात माणसं होती आणि मी सारखा जिन्यात डोकावत होतो. मग जिन्यावर पावलं. काहीजण मिसळ खाऊनच आले होते, हॉलभर तर्रीचा वास. गौरांगचे स्पीकर कमरेएवढे आहेत. पहिली एलपी कव्हरमधून काढली, दोन्ही तळहातांवर धरली, उजेडात तिरपी केली, तेव्हा सगळा हॉल चूप झाला. अजून काही वाजलंही नव्हतं.

सतार लावली. एक बाजू, बावीस मिनिटं. मध्ये कुणी उठलं नाही. एकाचा फोन वाजला तर शेजारच्याने त्याच्याकडे असं पाहिलं की फोन खिशातल्या खिशात मेला.

बाजू बदलताना शेवटच्या रांगेतून एक सत्तरीच्या बाई पुढे आल्या. मंगलाबाई, नांदगावच्या, मुलाकडे राहतात. "दादा, मी इथं खाली बसू का? मला ती फिरताना बघायचीय."

"बसा ना. तुमच्याकडे होती का रेकॉर्ड?"

"आमच्याकडं कुठली? ठेसनाजवळ हाटेल होतं. त्यात वाजायची. आम्ही गवताचा भारा घेऊन भाहेर उभ्या राह्यचो. मालक हाकलायचा. लय वर्सं ऐकली, पन आत काय फिरतंय ते कधी बघितलं नाय."

जाताना सगळे छान बोलले. चार-पाच जणांनी खरखरीचं कौतुक केलं. हे मात्र खटकलं. अनसूयेला विचारलं, "तुला आली का खरखर?" ती "हो" म्हणाली. तिलाही लोकांचं ऐकून तसं वाटलं असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून गुणगुणतो आहे. अनसूया म्हणाली, सूर बरा आहे पण शेजारी झोपलेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

त्रेचाळीस. मोतीराम वरच्या कपाटातून घडीच्या खुर्च्या काढत होते आणि मला शिव्या देत होते, यापेक्षा यश काय असतं?

आज मी प्रास्ताविक केलं. फोनवरचा आवाज सपाट असतो, रेकॉर्डचा जिवंत असतो, फरक आंधळ्यालाही कळेल, असं म्हणालो. गौरांग बाजूला उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, राग मानू नका, पण फाईल चांगली असेल तर फरक कळत नाही. तुमचे डोळे ऐकतात."

"मग चाचणी घेऊ."

हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी पडदा लावायचा. पडद्यामागे गौरांग. दहा तुकडे. तोच कलाकार, तेच वादन, कधी रेकॉर्डवरून, कधी फोनवरून, छापा-काटा करून. आवाजाची पातळी यंत्रावर मोजून सारखी करायची. प्रत्येकाला कागद, त्यावर ‘रे’ किंवा ‘फो’ लिहायचं. मीही लिहायचं.

रिक्षात अनसूया सिडकोच्या वळणावर म्हणाली, "अहो, तुम्ही नका ना लिहू. तुम्ही फक्त मोजा."

"मीच नाही लिहिलं तर चाचणीला अर्थ काय?"

ती पुढे काहीतरी म्हणाली, पण शेजारून डंपर गेला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

झोप कमी आहे, पण आनंदाने. कागद छापून आणले. पडद्यासाठी अनसूयेची जुनी निळी चादर, तिला कड्या शिवून घेतल्या. सगळ्या शक्यता धरून नियम लिहिले, एकूण चौदा.

घरी सराव केला. दहापैकी दहा. अर्थात सुई मीच ठेवत होतो, पण डोळे मिटले होते.

एक भीती आहे ती लिहितो. चाचणीत फरक कळला नाही, तर या सभेला कारण उरत नाही. लोक म्हणतील, मग घरीच ऐकू की. तीस माणसांची अट रविवारी पूर्ण होईल, पण त्यानंतर कोण येईल?

३० नोव्हेंबर, रविवार

जमेल तसं लिहितो.

बावन्न माणसं. उभी राहायला जागा नाही. निळा पडदा, मागे गौरांग. मी पहिल्या रांगेत, अनसूया माझ्या डाव्या हाताला. पहिला तुकडा वाजला. मला वाटलं फोन. दुसरा, रेकॉर्ड. तिसऱ्याला मला काहीच ठरवता येईना. मागे मात्र सगळे भराभर लिहून मोकळे होत होते, पेनांची टोपणं लावून बसले होते.

सहाव्या तुकड्याला कुजबुज वाढली. मंगलाबाई उभ्या राहिल्या. "दादा, ती चादर काढा की आता."

"मंगलाबाई, चाचणी चालू आहे. चार राहिलेत."

"ओळखू येतंय की. त्यात काय मोठं? पन दिसत नाय तर मी कशाला जिना चढले? जन्मभर भाहेरून ऐकलं, आता आत येऊन पन भाहेरच?"

हसले सगळे. मागून दोघं-तिघं म्हणाले, हो काका, काढा पडदा. मी नियम क्रमांक अकरा वाचून दाखवला आणि दहा तुकडे पुरे केले.

मोतीरामांनी कागद तपासले. बहुतेकांना नऊ किंवा दहा. मंगलाबाईंना दहा, त्यांनी लिहिलं नव्हतं, नातीने लिहून घेतलं. अनसूयेला दहा. मला चार.

चार. छापा-काटा करून लिहिलं असतं तरी पाच आले असते.

मी विचारलं, तुम्ही ओळखलंत कशावरून? सगळ्यांनी एकदम सांगितलं, "खरखरीवरून." सोपं होतं म्हणे. खरखर आली की रेकॉर्ड, नाही आली की फोन.

आणि मग मी जे बोललो ते. मी म्हणालो, माझ्या रेकॉर्डना खरखर नाही. ती आत्ताच आली असेल तर ती यंत्रातून मिसळली गेली आहे. गौरांग स्वतः मला सांगून गेला आहे की तो असली खरखर मुद्दाम टाकतो. बावन्न माणसांसमोर म्हणालो. आवाजही चढलेला असणार, कारण खालून वाचनालयाचा शिपाई वर आला.

गौरांगने सुई उचलून जागेवर ठेवली, वायरी गुंडाळल्या. इतकंच म्हणाला, "काका, तुमची रेकॉर्ड कव्हरमध्ये घालून ठेवलीय." स्पीकर उचलायला दोघं पुढे झाले. मी झालो नाही.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण मग बरं का वाटत नाही, कळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मोतीरामांचा फोन. तीन रविवारांची अट पूर्ण झाली, पण वाचनालयात आरडाओरडा झाल्याची तक्रार आहे. शनिवारी, १३ तारखेला समिती बसणार. चौदाचा रविवार घ्या, म्हणाले, पुढचं पुढे.

स्पीकर नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार

अनसूया सकाळी म्हणाली, "अहो, मला हल्ली सगळं फार मोठ्याने ऐकू येतं. टीव्ही, तुमचं बोलणं. कान तपासून घ्यावे म्हणते. याल का बरोबर?"

काळजी वाटली. हे लक्षण कधी ऐकलं नव्हतं. माझ्या चाचणीच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष झालं. शुक्रवारची वेळ घेतली.

५ डिसेंबर, शुक्रवार

तपासणाऱ्या आभाताई तरुण आहेत, नीट समजावून बोलतात. काचेची एक खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. बीप आली की दाबायचं. अनसूयेचं दहा मिनिटांत झालं. मग ती म्हणाली, "आता तुलनेसाठी यांचंही घ्या." तुलना हवीच, मी लगेच बसलो.

माझ्या वेळी मशीन मध्येच बराच वेळ बंद पडलं. बाहेर येऊन तसं सांगितलं.

आभाताई म्हणाल्या, "काका, मशीन चालू होतं."

त्यांनी दोन तक्ते टेबलावर ठेवले. अनसूयेची रेघ वरच्या वर, सरळ. "काकूंचे कान विशीतल्या मुलीचे आहेत." माझ्या दोन रेघा. डावी तीन हजार हर्ट्झपर्यंत बरी चालते आणि मग उतरते. उजवी दोन हजारांपासूनच घसरते, ती चार हजारांना थेट तळाला. तक्ते वाचण्यात आयुष्य गेलं, मला समजावून सांगावं लागलं नाही. तानपुऱ्याची झणझण, रातकिडे, खरखर हे सगळं त्या तळाला होतं.

"कारखान्यात होतात ना? आवाजात? कानात बोळे घालायचात?"

मिळायचे. दर महिन्याला नवं पाकीट मिळायचं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवायचो. रिव्हेट पक्कं बसलं की नाही ते मी आवाजावरून सांगायचो, कानात बोळे घालून कसं सांगणार? लोक लांबून मला बोलवायला यायचे. ढुंढिराजचा कान, असं म्हणायचे.

अनसूयेने दोन्ही तक्ते घडी करून पिशवीत ठेवले.

६ डिसेंबर, शनिवार

ही वही पहिल्यापासून वाचली. वायर बदलली तरी उजवाच. स्पीकर बदलला तरी उजवाच. खुर्ची फिरवली की डावा. कामावर पहिल्या दिवशी आलेल्यालाही यातून दोष सापडला असता. मी खिडकीचा पडदा काढला.

कारखान्यात प्रत्येक मायक्रोमीटर वर्षातून एकदा तपासणीला जायचा. मुदत संपलेलं साधन कुणाच्या टेबलावर दिसलं तर मी त्या माणसाचं त्या दिवसाचं सगळं काम परत करायला लावायचो. स्वतःला मी साधनांत धरलं नव्हतं.

पडदा परत लावला. अनसूयेला म्हटलं, उंच स्टूल दे. ती म्हणाली, "मी लावते, तुम्ही खाली धरा."

१० डिसेंबर, बुधवार

आठ दिवस वापरून पाहायला म्हणून कानातली यंत्रं मिळाली. शेंगदाण्याएवढी आहेत. दिवसभरात मी काय काय ऐकलं त्याची यादी करायला बसलो आणि सोडून दिली. पिशवीचा प्लॅस्टिकचा आवाज किती भयंकर असतो. लिहिताना पेन कागदावर घासतं. कुकरच्या शिट्टीआधी एक बारीक सुसू येते, ती मी विसरूनच गेलो होतो. आणि अनसूया पुटपुटत नाही. ती नीट बोलते आणि बरंच बोलते.

मग बासरीची एलपी लावली.

कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतड. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरी लावली, तिसरी लावली. अकरा लावल्या, अकराच्या अकरा तडतडल्या. रिठ्याचा साका खाचांत बसला असणार, आणखी काय! ज्या मी धुतलेल्या नाहीत त्या कमी तडतडतात.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या कॉलनीला माहीत आहे," अनसूया म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीनदा. तुम्ही म्हणालात, पुटपुटू नकोस."

मी हसायला लागलो. तीही हसली. ती हसते तेव्हा शेवटी एक बारीक चिरका सूर लागतो. लग्नाआधी मला तो माहीत होता.

पण एक कोडं सुटत नाही. एवढी तडतड असताना त्रेचाळीसांची बावन्न माणसं का झाली? तडतड ऐकूनही लोक परत का आले? मी तर त्यांना चांगला आवाज ऐकवायला बोलावत होतो.

११ डिसेंबर, गुरुवार

गौरांगच्या स्टुडिओवर गेलो. बंद होता. फोन केला. इतकं स्वच्छ ऐकू आलं की त्याच्या आवाजातला थंडपणाही ऐकू आला. म्हटलं, रविवारी ये, मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे. स्पीकर नको आणू, तू ये.

"बघतो," म्हणाला.

चूक बावन्न माणसांसमोर झाली आहे. फोनवर माफी मागून ती भरून निघत नाही. आणि सांगायचं म्हणजे कानाचंही सांगावं लागणार. ज्याच्या कानावर विश्वास ठेवून लोक येतात, त्यालाच ऐकू येत नाही, हे कळल्यावर सभा राहते की नाही कुणास ठाऊक. समिती राहिली बाजूला. अनसूयेला म्हटलं, गप्प बसलो तर? गौरांग आपण होऊन कुणाला सांगणार नाही. ती म्हणाली, "बसा गप्प. पण मग मी येणार नाही."

१४ डिसेंबर, रविवार

माझे घरगुती स्पीकर रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. हॉलच्या मानाने ते म्हणजे देवघरातली समई. खुर्च्यांच्या रांगा असत्या तर मागे काहीच पोचलं नसतं. मोतीराम म्हणाले, रांगा मोडा. सगळ्यांनी खुर्च्या ओढून प्लेअरभोवती गोल केला, पुढचे खाली बसले. सत्तेचाळीस माणसं, एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे. मंगलाबाई अगदी पुढे, प्लेअरपासून हातभर.

गौरांग नव्हता. पावणेअकरापर्यंत थांबलो, मग बासरी लावली. तडतड सुरू झाली तशी मान खाली घातली. मंगलाबाईंना हळूच विचारलं, "मंगलाबाई, हा आवाज त्रास नाही देत?"

"भाकर भाजताना तवा वाजनारच की," त्या म्हणाल्या आणि परत तबकडीकडे बघायला लागल्या.

बाजू संपत आली असताना गौरांग आला. दाराशी उभा राहिला. मी सुई उचलली नाही, वाजत असतानाच उठलो. नंतर धीर झाला नसता.

म्हणालो, "तीस तारखेला मी गौरांगवर खोटा आरोप केला..."

"काका, मोठ्याने बोला," मागून कुणीतरी म्हणालं. "काही ऐकू येत नाहीये."

हे मला आयुष्यात प्रथमच कुणी सांगितलं. अनसूयेने तोंडावर पदर धरला. कानात यंत्र आल्यापासून स्वतःचा आवाज एवढा मोठा वाटतो की मी कुजबुजत होतो. पुन्हा सुरुवात केली. रेकॉर्डना खरखर आहे. ती मी धुतल्यामुळे वाढली आहे. गौरांगने काही मिसळलं नव्हतं. ती मला ऐकू येत नव्हती, कारण माझे कान गेलेत, उजवा जास्त. चाचणीत चार आले ते त्यामुळे. यंत्र काढून दाखवलं. म्हणालो, "फरक मला ओळखता येतो असं सांगून मी तुम्हाला बोलावलं. मला येत नाही. गौरांग, मला माफ कर."

एवढी शांतता मी या हॉलमध्ये ऐकली नव्हती. किंवा असेल, पण मला वेगळी ओळखू आली नसेल.

मोतीराम खाकरले. "समितीचा ठराव सांगून टाकतो. हॉल दर रविवारी सभेला. योगवर्ग शनिवारी. एकच अट आहे. पुन्हा परीक्षा घ्यायची नाही. सदस्य म्हणतात, आम्ही परीक्षा देऊन दमून रिटायर झालोय."

हशा झाला. त्या हशात मी गौरांगकडे बघत होतो. तो खुर्च्यांमधून वाट काढत आत आला, मंगलाबाईंनी सरकून जागा दिली, तिथे मांडी घालून बसला. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाला, "काका, बाजू केव्हाची संपलीय."

खरंच संपली होती. सुई आतल्या खाचेत फिरत होती, टक, टक, टक. सत्तेचाळीस माणसं ते ऐकत बसली होती. यंत्र माझ्या हातात होतं. कानात घातलं, सुई उचलली, तबकडी कडांना धरून उलटली. गौरांगने न सांगता धूळ झाडायचा ब्रश पुढे केला.

दुसरी बाजू चालू असताना खाली त्याच्या शेजारी बसलो. बासरी आणि तडतड, दोन्ही. संपल्यावर लोक वाद घालत होते, पहिली बाजू चांगली की दुसरी. मोतीरामांनी मला विचारलं. मी म्हणालो, पुन्हा ऐकून सांगतो.